परक्या मोहरेखालची वही

मनुष्याच्या जमाखर्चाची नोंद त्याच्याच घरात, त्याच्याच संगणकावर असूनही ती उघडण्याचे सामर्थ्य जर दुसऱ्याने दिलेल्या आणि दुसऱ्यालाच परत घेता येणाऱ्या अनुज्ञेवर अवलंबून असेल, तर ती नोंद त्या मनुष्याची आहे असे कोणत्या अर्थाने म्हणता येईल, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा किंवा ग्राहकहिताचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी स्वत्वाचा, म्हणजे एखादी वस्तू एखाद्याची असणे याचा अर्थ काय, हा प्रश्न आहे, आणि त्याचा ऊहापोह मीमांसकांनी, धर्मशास्त्रकारांनी व नव्य नैयायिकांनी शतकांपूर्वीच बराच खोलवर केलेला आहे. त्या ऊहापोहाच्या उजेडात पाहिले, तर सॉफ्टवेअरचा परवाना रद्द झाल्यावर जे हातातून जाते ते धन नव्हे, धनाविषयीची साक्ष होय. आणि साक्षीवरचा अधिकार साधनावरच्या अधिकारातून उगवत नाही, त्याला स्वतंत्र आधार आहे, असे दाखवता येते.

सॉफ्टवेअर विकत घेतले असे व्यवहारात म्हटले जात असले, तरी बहुतेक करारांत विक्री होतच नाही. मिळतो तो परवाना, म्हणजे ती आज्ञावली ठरावीक अटींवर वापरण्याची मुभा. अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात उत्पादकांची ही भूमिका उचलून धरली; युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ साली यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात, मोल घेऊन कायमचा परवाना दिला असेल तर ती विक्रीच होय, असा जवळजवळ उलट कौल दिला; आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअर विक्रीकरापुरते ‘माल’ ठरते असे म्हटले. न्यायालयांची मते वेगळी पडली तरी तिन्ही ठिकाणचा वाद साधनाविषयीचा होता. त्या साधनात वापरणाऱ्याने वर्षानुवर्षे भरलेला मजकूर कोणाचा, यावर कोणी वाद घातला नाही, कारण तो वापरणाऱ्याचाच, हे सर्वांनी गृहीत धरले होते. अडचण त्या गृहीतातच दडलेली आहे.

मायक्रोसॉफ्ट मनी या घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण यासाठी विशेष बोधक आहे. ते १९९१ साली निघाले, आणि अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी त्यात बँकेची खाती, घरकर्जाचे हप्ते, शेअरांची खरेदी-विक्री व किराण्यापर्यंतचा खर्च नोंदवला. ही नोंद वापरणाऱ्याच्याच संगणकावर एका फाइलमध्ये साठत असे. परंतु त्या फाइलची रचना बंदिस्त होती, म्हणजे तिच्यातील आकडे कोणत्या क्रमाने व कोणत्या संकेतांनी मांडले आहेत हे खुले नव्हते, आणि त्यामुळे ती वाचण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे तेच सॉफ्टवेअर. पुढच्या आवृत्त्यांत अ‍ॅक्टिव्हेशनची अट आली: सॉफ्टवेअर संगणकावर बसवले की ते कंपनीच्या सर्व्हरकडे विचारणा करी, आणि परवाना खरा असल्याचे उत्तर आल्यावरच पूर्णपणे चालू होई. जून २००९ च्या अखेरीस कंपनीने विक्री थांबवली तेव्हा नव्या ग्राहकांची सोय हा गौण मुद्दा होता. उद्या सर्व्हर उत्तर देईनासा झाला आणि जुना संगणक बिघडला, तर नव्या संगणकावर पंधरा-पंधरा वर्षांच्या वह्या उघडायच्या कशा, ही खरी चिंता होती. कंपनीने २०१० साली अ‍ॅक्टिव्हेशनची अट काढून टाकलेली एक अखेरची आवृत्ती विनामूल्य दिली आणि तिला ‘सनसेट’, म्हणजे सूर्यास्त, असे नाव ठेवले. जानेवारी २०११ मध्ये ऑनलाइन सेवा संपल्या, तरी त्या आवृत्तीत जुनी वही उघडत राहिली. ही कृती स्तुत्य होती यात शंका नाही, पण ती कंपनीच्या मर्जीची होती; तिने तसे केले नसते तर करारातील कोणत्या कलमाचा भंग झाला असता, हे दाखवणे अवघड गेले असते.

इतरांची कहाणी थोडक्यात सांगता येईल. इंट्युइट कंपनीच्या क्विकन या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरच्या विकत घेतलेल्या आवृत्त्यांचा बँकेशी असलेला ऑनलाइन दुवा साधारण तीन वर्षांनी तोडला जाई. २०१६ साली हे सॉफ्टवेअर दुसऱ्या मालकाकडे गेले आणि पुढे त्याची विक्री वार्षिक वर्गणीच्या पद्धतीने होऊ लागली. मिंट ही सेवा २००७ साली सुरू झाली, २००९ साली इंट्युइटने ती घेतली, आणि मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. व्यवहारांची यादी उतरवून घेता येत होती, पण वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे बसवलेली मासिक अंदाजपत्रकाची घडी नव्या ठिकाणी तशीच नेता आली नाही. क्विकबुक्स हे हिशेबाचे सॉफ्टवेअर भारतात २०२३ साली बंद झाले. या सर्वांत सूचना, मुदत आणि काही ना काही मार्ग दिला गेला. जुलै २०२५ मध्ये घडले ते अधिक उघडेवाघडे होते: मुंबईतून कारभार चालवणारी आणि गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणारी नायरा एनर्जी ही कंपनी रशियन भागभांडवलामुळे युरोपीय संघाच्या निर्बंधांखाली आल्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या, आणि परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले असताना स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येत नाही, असे गाऱ्हाणे घेऊन नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. प्रकरण व्यापारी संस्थेचे असल्याने त्याची बातमी झाली आणि त्याला वकील मिळाले. हेच एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरखर्चाच्या फाइलबाबत घडले असते तर त्याची दखल घेणारी यंत्रणा कोणती, हे सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. दायविभागाच्या आरंभी तो विचारतो की स्वत्व हे लौकिक आहे की शास्त्रैकसमधिगम्य, म्हणजे केवळ शास्त्रावरूनच कळणारे आहे. पूर्वपक्षाचे म्हणणे असे की, वारसा, खरेदी, वाटणी, परिग्रह आणि सापडलेली वस्तू असे स्वामित्वाचे उगम गौतमाने मोजून दिले आहेत, ते शास्त्राने सांगितले म्हणूनच स्वत्व उत्पन्न होते. शिवाय स्वत्व लौकिक मानले तर ज्याच्या हाती वस्तू तोच तिचा स्वामी ठरेल आणि ‘याने माझे चोरले’ या वाक्याला अर्थच उरणार नाही. विज्ञानेश्वर उत्तर देतो की, शास्त्राचा गंध नसलेल्या सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, म्हणजे स्वत्व हे लोकव्यवहारातच सिद्ध आहे, आणि गौतमाची यादी त्या व्यवहाराचे शिस्तबद्ध कथन आहे. पश्चिम भारतात ज्याला मोठे प्रामाण्य मिळाले त्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथात नीलकंठभट्टानेही सतराव्या शतकात लौकिक पक्षच स्वीकारला. या वादाचे आजच्या प्रश्नाशी नाते असे की, परवान्याचा करार हेच एक ‘शास्त्र’ मानून, त्यात जे लिहिले तेवढेच ग्राहकाचे, असा युक्तिवाद उत्पादकाच्या बाजूने होऊ शकतो. मिताक्षरेच्या मते मात्र हिशेबाची वही ज्याने मांडली त्याची, ही लोकप्रतीती कराराच्या आधीची आहे आणि करारातील मौनाने ती पुसली जात नाही.

परंतु प्रतीती म्हणजे सिद्धान्त नव्हे. स्वत्वाचे एक प्रचलित लक्षण ‘यथेष्टविनियोगार्हत्व’ असे केले जाई, म्हणजे इच्छेनुसार उपयोगात आणण्यास जे योग्य ते स्वतःचे. हे लक्षण हिशेबाच्या वहीला लावून पाहावे. वहीचा यथेष्ट विनियोग म्हणजे ती वाचणे, तिची नक्कल करणे, ती दुसऱ्याला दाखवणे, आणि मनात आले तर फाडून टाकणे. परवाना रद्द झालेल्या सॉफ्टवेअरच्या बंदिस्त फाइलबाबत पहिल्या तीनही गोष्टी अशक्य होतात. फाइलची नक्कल करता येते हे खरे, पण ती नक्कल न वाचता येणाऱ्या वस्तूची दुसरी न वाचता येणारी वस्तू असते. उरते ते फक्त नष्ट करण्याचे स्वातंत्र्य. तेव्हा हे लक्षण काटेकोरपणे घेतले, तर परवान्याबरोबर स्वत्वही संपले असे म्हणावे लागेल, आणि मग कोणाचे काहीच हिरावले गेले नाही असा विपरीत निष्कर्ष निघेल, कारण ज्या क्षणी अडवणूक झाली त्याच क्षणी ती वस्तू त्याची राहिली नाही.

या ठिकाणी रघुनाथ शिरोमणीची मदत होते. सन १५०० च्या सुमारास नवद्वीपच्या या नैयायिकाने ‘पदार्थतत्त्वनिरूपण’ या छोट्या पण धीट ग्रंथात वैशेषिकांची सात पदार्थांची चौकट मोडून काही नवे पदार्थ मानले, आणि त्यांत स्वत्वाला स्वतंत्र स्थान दिले. त्याचा आक्षेप साधा आहे: यथेष्ट उपयोग म्हणजे काय? अन्न खाणे म्हणावे तर दुसऱ्याचे अन्नही खाता येते. शास्त्राने दुसऱ्याचे घेण्यास मनाई केली आहे, म्हणून तो उपयोग योग्य नव्हे असे म्हणावे, तर ‘दुसऱ्याचे’ हे आधी कळल्याशिवाय ती मनाई लागूच कशी करणार? म्हणजे उपयोगावरून स्वत्व समजत नाही. स्वत्व समजल्यावर कोणता उपयोग योग्य ते ठरते. लक्षणातील ‘अर्हत्व’ या शब्दावर बोट ठेवून जुन्या पक्षाचा अभिमानी म्हणेल की प्रत्यक्ष उपयोग अडला तरी योग्यता शाबूत असते. पण ती योग्यता कशाच्या बळावर शाबूत राहिली, असे विचारताच त्यालाही रघुनाथाच्या अंगणात यावे लागते. प्रस्तुत प्रश्नाला हा विचार नेमका लागू पडतो. वहीवरचे स्वत्व वाचता येण्यातून निर्माण झालेले नसल्यामुळे वाचणे बंद झाल्याने ते नष्ट होत नाही. ते टिकून राहते, आणि टिकून राहते म्हणूनच वाचण्यास झालेला अडथळा हा अन्याय ठरतो. अन्यायाची भाषा शक्य व्हायची असेल तर रघुनाथाचा पक्ष घेण्यावाचून गत्यंतर दिसत नाही.

अन्याय कोणत्या जातीचा, हे पाहण्यासाठी धर्मशास्त्रातील उपनिधी या संस्थेकडे जावे लागते. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे ठेव, आणि तिचा एक प्रकार असा की वस्तू पेटीत बंद करून, मोहर लावून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिली जाते. याज्ञवल्क्य तिला उपनिधी म्हणतो. ती जशी दिली तशीच परत करावी, असा दंडक आहे. राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी पळवली तर ठेवून घेणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी नाही. पण मागितल्यावरही दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर मात्र आहे. स्वतःच्या मर्जीने त्या ठेवीवर उपजीविका करणाऱ्याला दंड करावा आणि वस्तू वाढीसह परत करायला लावावी, असेही सांगितले आहे. (मिंट ही सेवा ग्राहकाला फुकट होती आणि त्याच्या आर्थिक स्थितीला साजेशी कर्जे व कार्डे सुचवून तिची मिळकत होई, हे लक्षात घेतले तर हा शेवटचा नियम आज कोणाकोणाला झोंबेल याचा अंदाज बांधता येतो.)

संगणकातील बंदिस्त वही ही मात्र उपनिधीची उलटी आकृती आहे. उपनिधीत वस्तू परक्याच्या घरात असते आणि मोहर स्वामीची असते. येथे वस्तू स्वामीच्या घरात आहे आणि मोहर परक्याची आहे. पहिल्या रचनेत मोहर विश्वासघाताविरुद्धचे संरक्षण होती, कारण तिच्यामुळे आतल्या वस्तूला ठेवून घेणाऱ्याने हात लावला की नाही हे कळे. दुसऱ्या रचनेत तीच मोहर स्वामीलाच बाहेर ठेवते. स्मृतिकारांनी या उलट्या उपनिधीचा विचार केला नाही यात त्यांचा दोष नाही. आपल्याच पेटीवर दुसऱ्याची मोहर लावून घेण्यात कोणाला काय लाभ, असे त्यांना वाटले असते. आजच्या कायद्यांचीही नजर जुन्या रचनेवरच खिळलेली आहे. युरोपीय संघाचा २०१८ साली अमलात आलेला माहितीसंरक्षण नियम आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा प्रचलित स्वरूपात मागून घेण्याचा अधिकार देतो, पण तो अधिकार माहिती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे मागण्याचा आहे. माहिती स्वतःच्याच कपाटात असेल तर मागायचे कोणाकडे? भारतात न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचा अधिकार होता, २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही.

मोहर परक्याची असणे आणि लिपी परकी असणे यांतला भेद येथे स्पष्ट करायला हवा, कारण ‘जुन्या वह्या कोणालाच वाचता येत नाहीत, त्यात नवे काय’ असा प्रतिवाद होतो. मराठी मुलुखातील शेकडो वर्षांचे हिशेब मोडी लिपीत आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल मोडी कागदांनी भरलेले आहेत, आणि विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून गेल्यामुळे पणजोबांची चोपडी घरात असूनही ती वाचता न येणारी कुटुंबे महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. परंतु मोडी न वाचता येणे हे अज्ञान आहे आणि अज्ञान प्रयत्नाने दूर होते. मोडी शिकवणारे वर्ग चालतात, वाचून देणारे जाणकार आहेत, आणि कोणी मोडी शिकू लागला तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. लिपी सार्वजनिक असते. याज्ञवल्क्याने दस्तऐवजांच्या प्रकरणात, लेख परदेशी राहिला, नष्ट झाला, पुसला गेला, चोरीस गेला किंवा तो दुर्लेख्य असला, म्हणजे त्यातील अक्षर लागत नसले, तर दुसरा लेख करवून घ्यावा असे सांगितले आहे. न वाचता येणारा लेख त्याने हरवलेल्या लेखाच्या पंक्तीला बसवला, हे विशेष. वस्तू हाती आहे एवढ्याने लेखाचे लेखपण टिकत नाही, ही जाण त्यात आहे. आणि उपायही आहे, तो असा की दोन्ही पक्षांनी पुन्हा बसून नवा लेख करावा. पंधरा वर्षांपूर्वीचे किराण्याचे, औषधाचे, उसनवारीचे व्यवहार पुन्हा लिहून काढायला मात्र दुसरा पक्ष शिल्लक नसतो.

दख्खनच्या इतिहासाने हा प्रश्न एकदा रस्त्यावर आणलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि पाठोपाठ पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले, तेव्हा त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता: खते, हुकूमनामे आणि वह्या हिसकावून त्यांनी त्या जाळल्या. शेतकऱ्याच्या सगळ्या आर्थिक आयुष्याची नोंद होती, पण ती सावकाराच्या घरात, सावकाराच्या हातची, आणि शेतकऱ्याला न वाचता येणारी. चौकशी आयोगानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने इतर अनेक गोष्टींबरोबर शेतकऱ्याला पावती, सालाचा लेखी हिशेब आणि मागणी केल्यास पासबुक मिळण्याचा अधिकार दिला. ज्याला अक्षरओळख नाही त्याला पासबुक देऊन काय साधले, असा उपहास करणे सोपे आहे. साधले ते असे की ते पासबुक घेऊन तो तिसऱ्याकडे, म्हणजे शाळामास्तराकडे, कुलकर्ण्याकडे किंवा वकिलाकडे जाऊ शकत होता, आणि सावकाराला न विचारता ते वाचून घेऊ शकत होता. नोंदीवरचे स्वत्व टिकण्यासाठी स्वामीला स्वतःला वाचता आलेच पाहिजे असे नाही. त्याने निवडलेल्या कोणत्याही तिसऱ्याला ती वाचता येणे पुरते. बंदिस्त फाइलीत नेमका हा तिसरा माणूस नाहीसा होतो. जॉन विगली याने २००३ साली सुरू केलेले लेजर हे सॉफ्टवेअर हिशेब साध्या मजकुरात ठेवते, त्यामुळे ते सॉफ्टवेअर उद्या नसले तरी कोणत्याही साध्या संपादकात वही वाचता येते. तेथे तिसरा माणूस शाबूत आहे. बेंगळुरूच्या टॅलीने मधला मार्ग काढलेला दिसतो: परवाना चालू नसेल तर ते सॉफ्टवेअर शैक्षणिक अवस्थेत उघडते, जुना हिशेब पाहता येतो, पण नवी नोंद महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांखेरीज करता येत नाही. लिहिण्याचे मोल मागावे आणि वाचणे अडवू नये, हा विवेक त्यात आहे, मग तो व्यापारी धोरणातून आलेला का असेना.

करार राजीखुशीने केला, तेव्हा तक्रार कसली, हा आक्षेप यानंतर फार काळ टिकत नाही. बोरू विकणाऱ्याने बोरूच्या अटी घालाव्यात, त्या बोरूने लिहिलेल्या पत्राच्या नव्हेत. संमती साधनाविषयी दिली जाते. तिच्या पोटात साक्षीचे विसर्जन गुपचूप शिरले असेल तर ती संमती त्या बाबतीत नव्हतीच.

याहून गंभीर आक्षेप वैराग्याच्या दिशेने येतो. जो अपरिग्रह शिकवतो, संसाराचा हिशेब हाच बंध मानतो, त्याच्या दृष्टीने वही न उघडणे ही इष्टापत्तीच का नसावी? तुकोबांच्या चरित्रपरंपरेत सांगितले जाते की सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण त्याच कथेतला पुढचा तपशील बहुधा विसरला जातो: धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला, आणि आपल्या वाट्याचेच कागद पाण्यात सोडले. म्हणजे त्यागाच्या आधी वाटणी झाली, आणि वाटणीच्या आधी कोणता कागद कोणाचा हे वाचून पाहावे लागले. मीमांसेने हाच विचार तर्काच्या टोकाला नेलेला आहे. विश्वजित् नावाच्या यागात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. त्यावर जैमिनीच्या सहाव्या अध्यायात प्रश्न उठतो की ‘सर्वस्व’ म्हटल्यावर आई-वडील द्यायचे काय, आणि यजमान राजा असेल तर सगळी पृथ्वी द्यायची काय. उत्तर असे की ज्यावर स्वत्व आहे तेच देता येते. आई-वडिलांवर ते नाही, आणि राजाचेही पृथ्वीवर नाही. जे आपले नाही त्याचा त्याग होत नाही. परवाना संपल्याने वही बंद पडली तर घडते ते हरण, आणि हरणाला त्यागाचे पुण्य लाभत नाही. चित्रगुप्ताच्या चोपडीशी तुलना करून कोणी म्हणेल की कर्माचा हिशेब तर मनुष्याला जिवंतपणी कधीच पाहता येत नाही. तेही खरे, पण म्हणूनच लक्ष्मीपूजनाला व्यापारी पूजतो ती स्वतःची वही, जी त्याला उघडता येते.

बृहस्पतीच्या नावावर असलेल्या एका वचनाचा आशय असा की सहा महिन्यांत माणसाची स्मृती भ्रमते, म्हणून विधात्याने अक्षरे निर्माण करून ती पत्रावर चढवली. तत्त्वज्ञ अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ साली मांडलेल्या विस्तारित मनाच्या सिद्धान्तात विस्मृतीचा विकार जडलेल्या माणसाची टिपणवही हा त्याच्या मनाचाच भाग मानावा असे म्हटले आहे. धर्मशास्त्र इतके पुढे जात नाही. ते लेखाला मनाचा अवयव न मानता मनाच्या चुकीविरुद्धचा पुरावा मानते, आणि ही भूमिका अधिक सावध वाटते, कारण हिशेबाची वही माणसाला जे आठवते त्याला दुजोरा देण्यापेक्षा ते खोडून काढण्याचेच काम अधिक वेळा करते. फेडले असे वाटत असलेले देणे फेडलेले नव्हते, हे वही सांगते. तिचे मोल त्या विरोधात आहे. आणि असा विरोधी साक्षीदार गप्प केला गेला तर माणसाचे नुकसान होते ते केवळ सोयीचे नव्हे, त्याच्या सचोटीचे होते, कारण प्रामाणिक राहण्याची इच्छा असूनही तपासून पाहण्याचे साधन त्याच्याकडे उरत नाही.

हे नुकसान मरणानंतर अधिक टोकदार होते. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हे धर्मशास्त्राने पवित्र कर्तव्य मानले. सुरापान, द्यूत, कामासक्ती यांसाठी केलेले ऋण, दंडाची आणि शुल्काची बाकी आणि पोकळ दानाचे वचन एवढे अपवाद याज्ञवल्क्याने केले. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर केवळ या पवित्र कर्तव्याच्या आधारावर नव्या ऋणासाठी मुलावर दावा चालत नाही, तरी मृताच्या मालमत्तेच्या मर्यादेत वारसाची जबाबदारी उरतेच, आणि ज्याच्या मनात धर्म म्हणून ते फेडायचे आहे त्याला कायद्याने सुटका दिली काय अन् न दिली काय, सारखेच. पण फेडण्यासाठी ऋण माहीत असावे लागते, आणि अपवादाचा विचार करायचा तर ते कशासाठी घेतले तेही. बँकेतील रक्कम नामनिर्देशनाने वारसाच्या हाती येते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना मात्र बहुधा अहस्तांतरणीय, म्हणजे दुसऱ्याच्या नावे न करता येणारा असतो, आणि तो परवानाधारकाबरोबर संपतो. ज्या मिताक्षरेने पुत्राला वडिलोपार्जित धनात जन्मतःच स्वत्व दिले, तिच्याच परंपरेतील मुलाच्या हाती धन येते आणि त्या धनावरच्या भाराची यादी येत नाही. याज्ञवल्क्याच्या पद्धतीत ऋणको जसजसे फेडील तसतसे लेखाच्या पाठीवर नोंदवी, आणि सर्व फिटल्यावर लेख फाडला जाई. ही पाठीवरची नोंद आता परक्या मोहरेखाली असते.

एक शंका शेवटी उरते, आणि ती सहज सुटणारी नाही. पित्याने स्वतःच आपल्या वहीला परवलीचा शब्द लावला, तो कोणाला सांगितला नाही आणि तो गेला, तर मुलाच्या दृष्टीने परिणाम तोच होतो. तरी दोन्हींची जात वेगळी आहे. आपल्या पेटीवर आपली मोहर लावणे हा स्वामीचा विनियोगच होय, आणि काही गोष्टी मुलाला कळू नयेत अशी इच्छा बाळगण्याचा त्याला अधिकार होता. अशा मुलाला लेख उपलब्ध नाही एवढेच म्हणता येते. त्याचा कोणी अपहार केला असे म्हणता येत नाही, आणि मग धर्मशास्त्राने लेखाबरोबर मोजलेली उरलेली दोन प्रमाणे, भुक्ती आणि साक्षी, एवढाच त्याला आधार राहतो: कोणती वस्तू किती वर्षे कोणाच्या वहिवाटीत आहे हे पाहणे, आणि वडिलांच्या व्यवहारातील माणसांकडे जाऊन त्यांना विचारणे.